चाळीस मीटरांचा भाटकार

वडिलोपार्जित परसाची वाटणी झाली तेव्हा थोरल्या भावाला विहीर गेली, मधल्याला फणस गेला. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असल्यामुळे बहिणीला चार माडांची पट्टी गेली. विहीर, फणस आणि माड यांच्यामध्ये जे उरलं ते मला मिळालं. मोजणीवाल्याने फीत दोनदा लावली. दोन्ही वेळा चाळीस चौरस मीटरच भरले. "व्हड न्हय, पूण चौकोनी आसा," तो म्हणाला. चौकोनी असण्याचं पुढे काय करायचं असतं ते त्याने सांगितलं नाही.

आमचं कारापूर डिचोली तालुक्यात. डिचोलीहून साखळीच्या बाजाराला निघालेले लोक आमच्या तिस्कावरून पुढे जातात. तिस्क म्हणजे तीन रस्ते फुटतात ती जागा. त्यामुळे कारापूर माहीत नसलेल्यालाही कारापूरचा तिस्क माहीत असतो. वाळवंटी नदी, विठ्ठलापूरचं विठ्ठलाचं देऊळ, चैत्रातला उत्सव ही गावाची मिरवायची बाजू. न मिरवायची बाजू म्हणजे माझे चाळीस मीटर. वर तांबडी माती आणि वीतभर खाली जांभा. ज्या दगडाचे चिरे काढून आजोबांनी घर बांधलं, त्याच दगडावर मी बाग करायला निघालो होतो. पहिला कुदळीचा घाव घातला तेव्हा असा आवाज आला की मधल्या भावाने खिडकीतून विचारलं, "देवळात गेलास काय रे?"

भाजी लावायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. भाजी लावली की ती कोणीतरी खाणार, आणि मग वाटणीचा विषय पुन्हा निघणार. फुलं कोणी खात नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

फुलांतलं मला काहीच कळत नव्हतं. म्हणून मी कुटुंबातल्या एकमेव तज्ज्ञाला फोन केला. हा माझा भाचा, त्याच चार माडांच्या बहिणीचा मुलगा. तो स्विंडनला असतो. विलायतेतल्या या गावात पोर्तुगीज पासपोर्टाच्या जोरावर गेलेले गोंयकार इतके आहेत की तिथे हिंडताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आल्यासारखं वाटतं, असं बहीण सांगते. भाच्याने तिथे अलॉटमेंट घेतली आहे. अलॉटमेंट म्हणजे नगरपालिकेने माफक भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. साहेबाने १९०८ साली कायदाच करून ठेवला की मागणी आली तर असे तुकडे पुरवायचे. तुकड्याचं रूढ माप दहा रॉड, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. हे ऐकून मी जरा गप्प झालो. आमच्या १९७५ च्या मुंडकार कायद्याने पंचायत हद्दीतल्या मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याला, घरासकट तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा मिळते. म्हणजे साहेबाचा भाडेकरू अडीचशेवर, आमचा मुंडकार तीनशेवर आणि मी, भाटकाराचा नातू, चाळिसावर.

"मामा, पहिल्या वर्षी सोपी फुलं लाव," भाचा म्हणाला. "नॅस्टर्शियम, स्वीट पी, कॅलेंडुला. बी टाकायचं आणि विसरून जायचं."

बी टाकून विसरून जायला साहेबाला जमत असेल. आमच्या घरात मी चहात साखर टाकून ढवळायला विसरलो तरी चार जणांना कळतं. संध्याकाळी मी यादी वाचून दाखवली आणि ओसरीवर समिती बसली. समितीत आई, बायको, दोन्ही वहिन्या आणि शेजारची काकी. काकी कुठल्याच वाटणीत नाही, म्हणून ती सगळ्याच वाटण्यांत असते.

"हीं फुलां खंयच्या देवाक?" आईने पहिलाच प्रश्न टाकला.

सोपं-अवघड हा प्रश्नच इथे गैरलागू आहे, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. कारापुरात फुलाला दोनच प्रश्न विचारतात: कुठल्या देवाला, आणि कुठल्या दिवशी. झाड आपोआप येतं का, पाणी किती लागतं, या त्याच्या खाजगी गोष्टी झाल्या. गणपतीला लाल जास्वंद हवी, तुळस चालत नाही. विठ्ठलाला तुळशीवाचून चालत नाही. शंकराला पांढरं हवं, पण केवडा कितीही पांढरा असला तरी नाही. श्रावणातल्या आयताराच्या, म्हणजे रविवारच्या, पूजेला पत्री हवी. चवथीला गणपतीच्या वर टांगायची माटोळी आली. वाघनखीसारखी तिची रानफुलं रानातूनच आणायची असतात, आणि परसात लावली तर अपमान झाल्यासारखी मरतात. दसऱ्याला तोरण. केसांत माळायचं ते वेगळंच खातं. कॅलेंडुलाला या यादीत कुठेच जागा निघेना. "तें घोवाक दी," काकी म्हणाली. म्हणजे कोणीच घेत नसेल तर नवऱ्याला दे. समितीचं त्या दिवसाचं कामकाज तिथे संपलं.

बायको मूळची बेळगावची. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आईने तिला साखळीच्या बाजारातून रोजां आणायला सांगितलं आणि ती दोन डझन गुलाब घेऊन आली. आमच्याकडे रोजां म्हणजे झेंडू. दोन डझन गुलाबांचं तोरण त्या वर्षी दाराला लागलं, आणि पंचवीस वर्षं झाली तरी काकी अजून दसऱ्याला तिला विचारते, "यंदा गुलाब ना?" म्हणून बायकोने सुचवलं की आपण आधी झेंडूच लावूया. मला ते पटलं. झेंडूचं बी विकतही घ्यावं लागत नाही. मागच्या दसऱ्याचं वाळलेलं तोरण माळ्यावर असतंच, फूल चोळलं की काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखं बी हातात येतं. यापेक्षा सोपं काय?

पावसाळा लागताच मी बी पेरलं. चौथ्या दिवशी उगवलं, आठव्या दिवशी दोन-दोन पानं आली, नवव्या दिवशी काहीच नव्हतं. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर शंखाएवढ्या गोगलगाई पंगतीला बसल्यासारख्या ओळीत बसल्या होत्या. फुलं कोणी खात नाही या माझ्या सिद्धान्तात फुलं येण्याआधीची अवस्था धरलेली नव्हती. पुढचे पंधरा दिवस रात्री जेवण झालं की मी बॅटरी आणि बादली घेऊन बाहेर पडायचो. एकदा भर पावसात छत्री, बॅटरी आणि बादली असं तिन्ही घेऊन मला वाकलेला बघून तिस्काकडून येणाऱ्या एका ओळखीच्याने दुचाकी थांबवून विचारलं, "किदें सांडलां?" काय हरवलं म्हणून. मी म्हटलं, "झेंडू." तो बराच वेळ माझ्याबरोबर शोधत होता.

दुसरी पेरणी वाचली. महिन्याची रोपं लावली, आणखी तीन आठवड्यांनी त्यांचे शेंडे खुडले. शेंडा खुडला की झाड बाजूने फुटतं आणि फुलं जास्त येतात, हे कोणीही सांगतं. शेंडा खुडताना हात कसा थरथरतो हे कोणी सांगत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शंभराच्या वर फुलं मोजली. आयुष्यात पहिल्यांदा मला भाटकार झाल्यासारखं वाटलं.

मग मधला भाऊ आला.

मधल्या भावाचा ट्रक आहे. खाणींच्या तेजीच्या काळात त्याने तो घेतला. तेव्हा दसऱ्याला आमच्या तिस्कावरून जाणारा प्रत्येक ट्रक नवरदेवासारखा सजून जायचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या. मग चालू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. दुसऱ्या खेपेपासून ट्रक फणसाखाली उभा आहे. चाकांखालून वेल आत शिरली आहे, हौद्यात पावसाचं पाणी साठून बेडूक झाले आहेत. पण पूजा चुकवायची नाही. भावाने सुतळीने ट्रकाचं तोंड मोजलं आणि माझ्या शंभर फुलांपैकी ऐंशी त्याच्यावर गेली. उरलेल्या विसांचं तोरण झालं. दारावर ते एका बाजूला कमी पडलं तिथे आंब्याची पानं जास्त लावली.

हा झेंडू मूळचा मेक्सिकोतला. तिथून तो आपल्याकडे येऊन इतका मुरला की तो परदेशी आहे म्हटलं तर आई मलाच परदेशी ठरवेल. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण असतो आणि त्यांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. मी हे भावाला सांगितलं नाही. ट्रकाकडे बघून त्याला ते लगेच समजलं असतं.

आईला झेंडूत रस नव्हता. तिला अबोली हवी होती. गोव्यात अबोली हे फूल नव्हे, ती स्त्रीच्या डोक्यावरची सही आहे. केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफलेली नारिंगी माळ नसेल तर लग्नाला गेलेली बाई घरात विसरून आल्यासारखी दिसते. वास नाही, वजन नाही आणि तोडल्यावर दोन-तीन दिवस कोमेजत नाही. एवढे गुण असलेलं झाड लावायलाही सोपंच असणार, असं मी धरून चाललो. थोरल्या वहिनीने वाळलेले तुरे दिले. ते मी एका ताटात काढून खिडकीत ठेवले, उद्या पेरू म्हणून.

रात्री पाऊस आला. खिडकीतून शिंतोडे आत आले. आणि अंधारात 'तट्', मग 'तट्-तट्', मग सगळीकडूनच. बायकोने मला हलवून उठवलं. "अहो, वायर जळतेय." मी मेन स्विच बंद केला. अंधार झाला, आवाज चालूच. थोरला भाऊ टॉर्च घेऊन आला, मधला दांडा घेऊन आला. आई तेवढी पडल्या पडल्या म्हणाली, "अबोली पिकली." वाळलेल्या अबोलीच्या बोंडाला पाण्याचा थेंब लागला की ते फुटतं आणि आतल्या चार बिया लांब उडतात. जिला अबोली म्हणतात ती रात्रभर बोलत होती. सकाळी मी बिया शोधत होतो: कपाटाखाली, चपलेत, गणपतीच्या मखरात. एक बी उशीवर सापडलं. सगळी पेरली. सगळी उगवली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते मला अजून सोसत नाही. झाडं हातभर झाली, तुरे आले आणि एक-एक करून माना टाकू लागली. उपटून बघितलं तर मुळांना गाठी. मातीतले डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी मुळांत शिरतात. एका जाणत्या शेतकऱ्याने उपाय सांगितला: मध्ये मध्ये झेंडू लावा, झेंडूच्या मुळांमुळे हे किडे हटतात. म्हणजे ज्या झेंडूची झाडं मी दसऱ्यानंतर "काम झालं" म्हणून उपटून खतात टाकली होती, तीच अबोलीची राखणदार होती. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मागीर?" मग काय, एवढंच. तिच्या वयाच्या बाईला नवल कशाचंच वाटत नाही.

शेवंतीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

शेवंती सोपी, हे सगळ्यांचं एकमत होतं. समितीत एकमत होण्याचा तो एकमेव प्रसंग, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता. फुटवे काढून लावायचे, पाणी साठू द्यायचं नाही, कार्तिकात फुलं. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटीत सजवलेल्या होड्या सोडतात, सगळं साखळी-कारापूर नदीवर लोटतं. त्या रात्री बायकोच्या केसांत घरची पिवळी शेवंती, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. झाडं दाट झाली, हिरवीगार झाली, गुडघ्याएवढी झाली. कळी नाही. कार्तिक आला, होड्या गेल्या, बायकोने बाजारातली शेवंती माळली. तीही बेळगावकडून आलेली. "माझ्या माहेरची," असं ती नदीवर तीन वेळा म्हणाली.

शेवंतीला कळी येण्यासाठी लांब रात्र लागते, हे मला नंतर कळलं. दिवस लहान झाला की ती मोहरते, आणि रात्री तिच्यावर उजेड पडत राहिला तर तिला वाटतं की अजून उन्हाळाच आहे. आमच्या कुंपणाला लागून एक दिव्याचा खांब आहे. तो माझ्या आठवणीत कधी पेटला नव्हता. त्याच्याबद्दल अर्ज झाले होते, एक अर्ज माझ्याच अक्षरात होता. आणि नेमक्या त्याच वर्षी, चवथीच्या आधी, कोणीतरी येऊन त्याला नवा पांढराशुभ्र एलईडी दिवा लावला. वाड्यावर आनंद झाला. मुलं त्याखाली बॅडमिंटन खेळू लागली. मीही आभाराचे चार शब्द बोललो होतो.

आता दिवा बंद करा म्हणायचं तोंड मला नव्हतं. मग मी व्यापारी शेतकरी करतात तो उपाय केला. रोज संध्याकाळी सहाला शेवंतीवर काळं कापड घालायचं, सकाळी सातला काढायचं. काळं कापड घरात नव्हतं. वडिलांच्या जुन्या छत्र्यांची कापडं उसवून मी ती एकत्र शिवली. थंडीच्या दिवसांत, मफलर बांधून, रोज दिवेलागणीला मी शेवंतीला निजवायचो आणि चारी कोपऱ्यांवर चिरे ठेवायचो. "आमच्या मुलांना कधी असं पांघरूण घातलं नव्हतंत," बायको दारातून म्हणायची. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून मी उत्तर देत नसे. काकीने गावभर सांगितलं की मी कापडाखाली काहीतरी बेकायदा पिकवतो. दोन तरुण मुलं एका रात्री कुंपणावरून वाकून बघून गेली, निराश होऊन गेली.

जानेवारी संपता संपता अकरा फुलं आली. पिवळी, वाटोळी, बाजारातल्याहून लहान. सकाळी पेपर घेऊन बाहेर आलो तर काकी प्लास्टिकच्या पिशवीसकट शेवंतीजवळ उभी. "दोन फुलां व्हरतां हां," ती म्हणाली. आमच्याकडे देवासाठी फूल नेणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. शिवाय 'दोन' हा काकीचा आकडा नसून एकक आहे. ती गेल्यावर मोजली. चार उरली होती.

या सगळ्या धामधुमीत न्हाणीचं पाणी जिथे परसात सुटतं तिथे एक झुडूप आपल्याआपण वाढलं होतं. गुलबक्षी. तिला कोणी लावली नव्हती, कोणी पाणी घालत नव्हतं, गोगलगाई तिच्याकडे बघत नव्हत्या. दुपारी चार-साडेचारला, आम्ही चहाला बसायच्या सुमारास, ती फुलायची आणि सकाळी मिटायची. एकाच झाडावर एक फूल गुलाबी, एक पिवळं आणि एक अर्धं-अर्धं, रंगपंचमीला शिंतोडे उडाल्यासारखं. देवपूजा सकाळी असते, तेव्हा ही मिटलेली. केसांत माळावी तर पायरी उतरेपर्यंत मान टाकते. म्हणून समितीच्या लेखी ती नाहीच. मी दोनदा ती उपटायला गेलो होतो. दोन्ही वेळा कुदळ दुसऱ्या कोणाला तरी हवी होती म्हणून राहिली.

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "दाखव मामा, सोप्या फुलांचं काय झालं?" मी ट्रक दाखवला, अबोलीची रिकामी ओळ दाखवली, छत्रीच्या कापडाची घडी दाखवली. तो सहानुभूतीने हसत होता. तेवढ्यात फोन न्हाणीकडे वळला.

"थांब, थांब! ते काय आहे?"

"ते? काही नाही. गुलबक्षी."

भाचा इतका ओरडला की आई आतून बाहेर आली. तिकडे थंडीत ती मरते, दर वर्षी नव्याने बी पेरावं लागतं, पाकिटाला पैसे पडतात. त्याने दोन वर्षं लावून बघितली, फुलं यायच्या आत दव गोठून गेली. तिला तिकडे 'पेरूचं आश्चर्य' म्हणतात. इथला पेरू नव्हे, दक्षिण अमेरिकेतला पेरू देश. कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी आनुवंशिकतेचे प्रयोग याच झाडावर केले, हेही त्याने सांगितलं. आईने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाणीचें उदक मेळटा तिका, म्हूण." मग आत गेली.

"बी पाठव ना मामा. आई मे महिन्यात येतेय, तिच्याबरोबर."

त्या दिवसापासून मी गुलबक्षीचं बी गोळा करतो आहे. चहा पिऊन झाला की न्हाणीमागे जाऊन बसायचं आणि मातीवर पडलेले काळे, सुरकुतलेले दाणे वेचायचे. हे काम मला जमतं. गोगलगाई नाहीत, छत्री नाही, काकीला यात रस नाही. पंधरा दिवसांत अर्धी बाटली भरली. बाटली रिकामी होती म्हणून मी स्वयंपाकघरातली घेतली, आणि सवयीने स्वयंपाकघरातच परत ठेवली.

काल संध्याकाळी बायको सोलकढी आणि रस्सा करत होती. तिने फळीवरची बाटली काढली, झाकण उघडलं, एक दाणा बोटांत धरून उजेडाकडे नेला आणि मला हाक मारली. तिच्या आवाजावरून मला वाटलं, पुन्हा वायर जळतेय.

"ही मिरी कुठून आणलीत?"

मी धावत गेलो आणि बाटली हिसकावून घेतली. गुलबक्षीचं बी विषारी असतं, आणि मिऱ्याच्या शेजारी ठेवलं तर गुलबक्षीलाही फरक कळणार नाही. बायको काही बोलली नाही. तिने ड्रॉवरमधून कागद, कात्री आणि डिंक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि गॅसकडे वळली. मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही मिरी नव्हे.' मग चिकटवून बाटली बहिणीच्या बॅगेजवळ नेऊन ठेवली. काकी ओसरीवरूनच वाचत होती. तिने विचारलं, "मागीर किदें तें?"